उरलेली साखर

"फेकायच्या? अर्ध्या?" सरूताईंनी विचारलं आणि काचेच्या भांड्यावर हात ठेवला. जसं काही मी आत्ताच्या आत्ता ते उचलून मोरीत ओतणार होते.

"अर्ध्याच, ताई. बाकीच्या अर्ध्या राहतीलच की."

"ते कळलं गं. पण अर्ध्या म्हणजे कुठल्या?"

आता याला काय उत्तर द्यावं माणसानं? समोर दहा लिटरचं भांडं. त्यात ताकाच्या निवळीसारखं पिवळसर गढूळ द्रावण आणि मधोमध संथ फिरणारं एक पातं. त्या द्रावणात डोळ्यांना न दिसणाऱ्या अळीच्या पेशी, एकेका थेंबात लाख-दोन लाख. सगळ्या एकाच मुळातून वाढलेल्या, सगळ्या एकसारख्या. त्यातल्या 'कुठल्या' हा प्रश्न फक्त सरूताईंनाच पडू शकतो. एरवी मी त्यांची चांगली फिरकी घेतली असती, पण त्या दिवशी प्रयोगशाळेत कुणीच हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

आधी ही भानगड काय होती ते सांगते. हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून बसणारी हिरवी अळी आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असते. घाटेअळी. तूर, हरभरा, कापूस, काही म्हणून सोडत नाही. तिला मारणारा एक विषाणू आहे आणि तो फक्त तिलाच मारतो. माणसाला, मधमाशीला, गुराढोरांना काही करत नाही. फवारणीसाठी हा विषाणू वाढवायचा तर जिवंत अळ्या पाळाव्या लागतात. आणि या बयांचा स्वभाव असा, की दोघींना एका डबीत ठेवलं तर संध्याकाळी एकच उरते, तीही चांगली गुबगुबीत. म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी, वेगळं खाणं, वेगळी साफसफाई. कुणाला परवडणार? आमचे श्रीनिवास सर म्हणायचे, अख्खी अळी नकोच आपल्याला. अळीच्या पेशी भांड्यात वाढवू आणि विषाणू त्यांच्यात सोडू. पेशी काही एकमेकींना खात नाहीत.

खात नाहीत, हे खरं. गर्दी झाली की त्या सगळ्या मिळून उपाशी राहतात.

आमची प्रयोगशाळा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत होती. मालक पुण्याला. इथं श्रीनिवास सर प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली, कडुबा यंत्रांवर आणि पेशी सांभाळायला सरूताई. त्या लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातल्या. शेतकरी घरातली मुलगी, शहरात येऊन बी.एस्सी. झाली, एसटीच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकशी लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत तो गेला. मूलबाळ नाही. पण 'एकटी बाई' म्हणून त्यांची कीव करायला गेलात तर फजिती व्हायची. "एकटी? आगं, कोट्यवधी हायेत माज्या घरी," म्हणायच्या आणि हसत सुटायच्या.

या पेशींचा नियम एकच. सत्तावीस अंशांत ठेवायचं आणि दर तिसऱ्या दिवशी बाटली बदलायची. तीन दिवसांत त्या वाढून बाटली भरते. मग थोड्या काढून ताज्या द्रावणात सोडायच्या, बाकीच्या वापरायच्या किंवा टाकून द्यायच्या. रविवार असो, दिवाळी असो, तिसरा दिवस चुकवायचा नाही. त्यापायी ताई कुठल्या लग्नाला दोन मुक्काम राहिल्या नाहीत. सगळा महिला मंडळाचा जथा तिरुपतीला गेला तेव्हा या इथं. कडुबानं मला एकदा सांगितलं होतं, की नवरा वारला त्याच्या तिसऱ्या दिवशी पुरुषमाणसं राख सावडायला गेली, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ताई मागल्या दारानं निघून प्रयोगशाळेत आल्या. "हात धोए, बाटली बदली, और चली गयी. एक शब्द नाय बोलली बाई," कडुबा म्हणाला. तो शहागंजात वाढलेला, त्याची मराठी अशीच अर्धी हिंदीत पोहायची.

टाकाऊ पेशी ऑटोक्लेव्हमध्ये घालून मारायच्या असतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच, माणूस उभा राहील एवढा. ते काम कडुबाचं. पण बाटल्या बाहेर आल्या, की ताई एक बाटली उचलून उजेडाकडे धरायच्या. द्रावणात साखर उरली असेल तर ती तापून रंग गुळाच्या पाण्यासारखा तांबूस होतो. पेशींनी सगळी साखर संपवली असेल तर द्रावण फिकटच राहतं. तांबूस दिसलं, म्हणजे पोट भरूनही साखर उरली, की ताई "जेवून गेल्या" म्हणायच्या. फिकट दिसलं, की "उपाशी गेल्या". एवढं म्हणून बाटली घासायला टाकायच्या. इतकी वर्षं ही बाई जादा पेशी बिनदिक्कत टाकत आली होती. म्हणून तर मला त्या सकाळी कळेना, की यांना आजच काय झालं.

पण ते वर्षच तसं होतं. दुष्काळाचा पाठोपाठचा दुसरा उन्हाळा. जायकवाडी तळाला गेलेली, शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही करंगळीएवढं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. घराघरांत 'फेकणे' हा शब्दच बंद झालेला. आणि एवढ्या तहानेत शहर मात्र सुटलं होतं वाढत. आमच्या शेजारचा बंद पडलेला कारखाना पाडून तिथं बारा मजली संकुलाचा फलक लागला होता. फलकावर निळाशार पोहण्याचा तलाव आणि त्यात पाय सोडून बसलेली एक गोरी बाई. मी रोज जाता-येता त्या बाईकडे बघून दात-ओठ खायची.

औद्योगिक वसाहतीच्या पाण्यातही कपात झाली. पेशींचं द्रावण करायला अत्यंत शुद्ध पाणी लागतं. आमचं पाणी शुद्ध करायचं यंत्र असं, की एक बादली शुद्ध द्यायचं आणि दीड-दोन बादल्या बाहेर टाकायचं. ते टाकाऊ पाणी ताई कॅनमध्ये भरून घरी न्यायच्या, कपड्यांना. टँकरचं पाणी घालून पाहिलं, तर ते इतकं जड की यंत्रच चोंदलं. शेजारच्या औषध कंपनीत शुद्ध पाणी असायचं. कडुबा रोज त्यांच्या गेटवर जाऊन उभा राहायचा. "कल देते बोले," हे त्याचं रोजचं उत्तर.

अशात पुण्याहून निरोप आला. आमचा भूखंड घ्यायला संकुलवाले तयारच होते. मालकांनी सरांना एक शेवटची संधी दिली. मोठ्या भांड्यातली एक खेप काढून दाखवा. त्यातून तुरीच्या हंगामाला पुरेसा विषाणू निघाला तर प्रयोगशाळा राहील, नाहीतर कुलूप. सरांनी हैदराबाद, बंगळूर, सगळीकडे फोन करून पाहिलं. आमच्या पेशी ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. ज्याच्या त्याच्या आपापल्या होत्या. पेशी गोठवून वर्षानुवर्षं राखायचं नळकांडं तर खर्च वाचवायला आधीच परत गेलेलं. म्हणजे प्रयोगशाळा गेली, की ताईंच्या पेशीही जाणार. सगळं त्या एका भांड्यावर येऊन ठेपलं.

आणि भांडं भरलं होतं. विषाणू सोडायची तयारी होईस्तोवर पेशी हव्या त्याच्या दुपटीनं वाढल्या होत्या. ताजं द्रावण होतं फक्त अर्ध्या भांड्यापुरतं. मी म्हणत होते, अर्धं भांडं रिकामं करा, पेशींसकट, आणि ताजं द्रावण भरा. पेशी निम्म्या होतील, पण पोटभर खातील.

"मी सांगू का सर?" ताई सरांकडे वळल्या. "पातं बंद करते. पेशी खाली बसतील. मग वरचं जुनं पानी तेवढं अलगद काढून घेते आन ताजं भरते. एक बी पेशी फेकायची नाय. हाय ते सगळ्या वाटून खातील."

"वाटून?" माझं डोकंच फिरलं. "ताई, ही काय लग्नाची पंगत आहे, वरणात पाणी घालून पुरवायला? विषाणू आत शिरला की त्यांची भूक वाढते, त्यांना हवा जास्त लागते. गर्दीत त्या अर्ध्यावरच बसतील. सर, तुम्ही तरी सांगा!"

सरांना हे माझ्याआधीपासून माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. खिडकीबाहेर टँकरजवळ बायांची भांडी वाजत होती.

"माहितीये गं," ते म्हणाले. "पण अर्ध्या पेशी ओतून द्यायच्या... या वर्षी?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि दुप्पट पेशी राहिल्या तर कदाचित विषाणूही दुप्पट निघेल. पुण्याला आकडा बरा दिसेल. करू दे सरूताईंना त्यांच्या पद्धतीनं."

मी हात झटकले आणि बाहेर गेले. 'कदाचित' म्हणणारा माणूस माझ्या डोक्यात जातो.

तरी संध्याकाळी ताईंना घरी सोडायला मीच गेले. दोन कॅन पाणी रिक्षातून न्यायचं तर रिक्षावाला तोंड वेंगाडतो. माझ्या स्कूटीवर पुढं एक कॅन, मागं ताई आणि त्यांच्या मांडीवर दुसरा. मुकुंदवाडीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. दारातच चपलांचा ढीग. विहीर आटल्यावर ताईंचा भाऊ पुंजाराम बायको, लेकरं, म्हातारी आई, सगळ्यांना घेऊन इथं आला होता. मागून त्याचा साडू आला, साडूची माणसं आली. अकरा माणसं त्या दोन खोल्यांत. कॅन बघितल्याबरोबर दोन लेकरं धावत आली.

"या ताई, बसा," पुंजाराम मला म्हणाला. बसायला जागा कुठं होती? तोच उठला आणि उंबऱ्यात जाऊन टेकला. "लई बेजार केलं बगा आमी बहिनीला. पाऊस पडला का जातो. बिगारीचं काम भेटलंय मला, त्या नव्या बिल्डिंगवर."

"कुठल्या?"

"तुमच्या कंपनीशेजारीच की. तिथं पानी बरं हाय, बोर लागलंय."

थोरली भाची श्रेया दहावीत होती. ती जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करत होती, कारण आत दिवा होता पण जागा नव्हती. ताईंनी सगळ्यांना वाढलं. लेकरं जेवली, पुरुष जेवले, बायका जेवल्या. शेवटी टोपल्यात अर्धी भाकरी राहिली, ती त्यांनी म्हातारीच्या ताटात सरकवली.

"आन तू गं?" म्हातारीनं विचारलं.

"मी डबा खाल्लाय ना कंपनीत. पोट फुटायची पाळी आलीये."

ताईंचा डबा दुपारी कडुबानं खाल्लेला मी पाहिला होता. त्यांनीच त्याला बळंबळं दिला होता, आपलं पोट बरं नाही असं सांगून. निघताना मी त्यांना बोळात गाठलं.

"ताई, तुम्ही अशानं मराल. निदान साडूच्या माणसांना तरी दुसरी खोली बघायला सांगा."

"सांगते की."

"कधी?"

त्यांनी मागं वळून बघितलं. दारातून दिसत होते लेकरांचे पाय, कुणाची तरी पाठ, स्टोव्हवरचं पातेलं.

"कुणाला सांगू, चारू?" त्या म्हणाल्या. "साडूची सून पोटुशी हाय. साडूचा म्हातारा बाप ऐकायला कमी. तूच ये आत आन बोट दाखव. तू म्हनशील त्याला उद्या काढते."

मी गाडीला किक मारली. सकाळी भांड्यावर हात ठेवून त्या 'कुठल्या' म्हणाल्या होत्या ते मला तिथं कळलं. आणि कळून उपयोग काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी म्हटल्याप्रमाणं केलं. इतक्या हळुवार हातानं वरचं पाणी काढलं, की तळाचा पांढरट थर हलला नाही. ताजं द्रावण भरलं, पातं सुरू केलं आणि मी विषाणू सोडला. पहिल्या दिवशी सगळं झकास. पेशी फुगू लागल्या, त्यांची हवेची मागणी वाढली, भांड्यातली हवा मोजणारा काटा पाहिजे तसा हलत होता. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी क्रांती चौकातून सगळ्यांसाठी भजी मागवली. ताईंनी माझ्या पाठीत धपका घातला.

"काय म्हनत होतीस गं? अर्ध्यावर बसतील?"

"अजून दिवस जायचेत," मी म्हटलं. पण खरं सांगते, मला माझं म्हणणं खोटं ठरायला हवं होतं. देवाशप्पथ, आयुष्यात एकदाच असं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांड्यातली हवा कमी पडू लागली. काटा खाली, खाली. हवेची तोटी पूर्ण उघडली तर फेस यायला लागला आणि फेसाबरोबर पेशी वर येऊन फुटायला लागल्या. तोटी बंद केली तर गुदमरतात, उघडली तर फुटतात. कडुबा तोटीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता, मी सरांकडे, सर काट्याकडे. संध्याकाळी थेंब काढून तपासला तर साखर जवळजवळ संपलेली.

"साखर घालू का मग वरून?" ताईंनी विचारलं.

"नुसत्या साखरेनं काय होणार, ताई? बाकीचं सत्त्वही संपलंय. त्यांना विषाणू घडवायचाय आत, त्याला सामान लागतं सगळं. विटा न देता नुसता चहा पाजला तर गवंडी भिंत बांधेल का?"

"थोडी घालते तरी."

घातली. कडुबा औषध कंपनीच्या गेटवर पळाला. परत आला तो मान हलवतच. "साब लोग मीटिंगमें हैं बोले. कल."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. आतापर्यंत एकेक पेशी खसखशीच्या पुरचुंडीसारखी दिसायला हवी होती, विषाणूच्या दाण्यांनी गच्च भरलेली. मला दिसल्या त्या फुगलेल्या, रिकाम्या. कुठं एखादीत चार दाणे, कुठं तेही नाहीत. काम सुरू केलं होतं सगळ्यांनी. पुरं कुणालाच करता आलं नव्हतं. बऱ्याचशा फाटून काळपट कचरा झाल्या होत्या.

मी उठले आणि ताई माझ्या जागी बसल्या. त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मला वाटलं होतं, मी म्हणेन, सांगितलं होतं ना मी. जीभ शिवशिवत होती इतके दिवस. पण त्यांची मान बघितली, घामानं चिकटलेली केसांची बट बघितली, आणि सगळं विरलं.

"समद्यांनाच मारलं मी, चारू," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तरी जगल्या असत्या."

"जगल्या नसत्या ताई, विषाणूनं शेवटी मेल्याच असत्या. त्यासाठीच असतात त्या."

"व्हय. पर काम करून मेल्या असत्या."

मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

खेप वाया गेली. दहाच्या दहा लिटर कडुबानं ऑटोक्लेव्हमध्ये घातले. बाहेर काढले तेव्हा द्रावण कपडे धुतलेल्या पाण्यासारखं फिकट होतं. वरून घातलेली साखरसुद्धा त्यांनी चाटूनपुसून संपवली होती. ताईंनी बाटली उजेडाकडे धरलीच नाही. लांबूनच बघितलं आणि "उपाशी गेल्या" म्हणून तोंड फिरवलं.

पुण्याहून एक गृहस्थ आले. मोठे सभ्य, मृदू बोलणारे. त्यांनी आकडे पाहिले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला, बाटलीबंद पाणी प्यायले आणि अर्धी बाटली टेबलावर तशीच ठेवून गेले. रागवायला तरी काही द्यायचं माणसानं! दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला बोलावून सांगितलं. आम्हा सगळ्यांना दोन-दोन महिन्यांचा पगार देणार होते. जागा मोकळी करून द्यायची, पण आत जिवंत काही ठेवायचं नाही, असा नियम.

"माझ्या बाटल्या?" ताईंनी विचारलं.

मोठं भांडं गेलं तरी कपाटात सत्तावीस अंशांत मूळ पेशींच्या चार-सहा बाटल्या होत्याच. इतक्या वर्षांचं बियाणं.

सर काचेवरची धूळ बोटानं पुसत राहिले. "सरूताई, मी एका बाटलीसाठी विचारून पाहिलं. घरी ठेवून जगणार नाहीत त्या. तुम्हाला माहितीये."

"माहीत हाय," ताई म्हणाल्या. "मी घरी कुठं ठेवनार? जागा नाय." आणि हे त्या इतकं सरळ, कामाचं बोलल्यासारखं बोलल्या, की सर उठून बाहेर गेले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. व्हरांड्यात जाऊन पाठमोरा उभा राहिला.

आणि बघा कसं असतं. कुलूप लागायच्या आदल्या दिवशी कडुबा हातगाडी ढकलत आला. गाडीवर शुद्ध पाण्याचे दोन डबे.

"ताई, पानी आया! दिया साहेबानं! म्हन्ला, पहले क्यूं नहीं बोले!"

मला त्या डब्यांना लाथ घालावीशी वाटली. रोज गेटवर उभं राहायला कुणाचं भूत जात होतं की काय? मी तोंड उघडलं तेवढ्यात ताई उठल्या, पदर खोचला आणि डब्याचं झाकण उघडून आत बघितलं.

"द्रावणाच्या पावडरीचं एक पाकीट राहिलंय ना गं?"

"राहिलंय. कशाला?"

"आज तिसरा दिवस हाय."

"ताई, उद्या सकाळी त्या मारायच्यात."

"उद्या ना? मग आज कामून उपाशी ठेवायच्या?"

कडुबानं माझ्याकडे बघितलं. मी पाकीट काढून दिलं. दुपारभर ताईंनी द्रावण केलं, गाळलं. मग कपाटातून बाटल्या काढल्या. नेहमी त्या थोड्या पेशी नव्या बाटलीत घेऊन बाकीच्या टाकायच्या. त्या दिवशी एकही टाकली नाही. होत्या नव्हत्या तेवढ्या स्वच्छ बाटल्या काढायला लावल्या, मागच्या खोलीतल्या, फडताळातल्या, कडुबानं चहाची साखर ठेवायला नेलेलीसुद्धा धुऊन, उकळून घेतली. सगळ्या पेशी विरळ विरळ करून वाटल्या. प्रत्येक बाटलीत भरपूर ताजं द्रावण, भरपूर मोकळी जागा. असं त्यांना त्या अख्ख्या उन्हाळ्यात मिळालं नव्हतं.

"आता जेवा बायांनो," त्या कपाटाचं दार लावताना म्हणाल्या.

सकाळी मी पोचले तेव्हा ताई सूक्ष्मदर्शकाशी होत्या. त्यांनी मला जागा करून दिली. "बघ."

मी बघितलं. गोल, टपोऱ्या, चकचकीत कडांच्या पेशी. एकमेकींपासून अंतर राखून बसलेल्या. काही मधोमध आवळल्या होत्या, एकीच्या दोन होण्याच्या बेतात. इतक्या वर्षांत इतक्या सुंदर मी त्या पाहिल्या नव्हत्या. माझ्या डोळ्यांतलं पाणी भिंगावर पडेल म्हणून मी मागं सरकले.

"छान आहेत, ताई."

"व्हय," त्या म्हणाल्या. "कडुबा, झाकन उघड."

आम्ही बाटल्या द्यायला लागलो, पण त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही. एकेक बाटली स्वतः नेली, जाळीत उभी केली, बुचं सैल केली. कडुबानं झाकण आवळलं आणि बटण दाबलं. दाब चढला, वाफेची शिट्टी झाली. सर व्हरांड्यातून आत आलेच नाहीत. ताई स्टुलावर मांडीत हात ठेवून बसल्या होत्या. शेजारच्या भूखंडावर काँक्रीटचं यंत्र घरघरत होतं आणि कुणीतरी वरून पुंजारामच्या नावानं ओरडत होतं, विटा पाठव, विटा पाठव.

दाब उतरला. कडुबानं झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली म्हणून तो बाजूला झाला. ताईंनी हाताला फडकं गुंडाळलं, एक बाटली उचलली आणि खिडकीशी जाऊन उजेडाकडे धरली.

द्रावण तांबूस झालं होतं. चांगलं दाट, गुळाच्या पाण्यासारखं.

"जेवून गेल्या," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी ती बाटली मोरीत नेली, रिकामी केली आणि ब्रश घेऊन घासायला बसल्या. डब्यात तळाला थोडं पाणी उरलं होतं, त्यातलंच जपून घेत होत्या. उद्यापासून त्या बाटल्या कुणालाच लागणार नव्हत्या. मी दुसरा ब्रश घेतला आणि त्यांच्या शेजारी बसले.